कॉलेजचे पोट्टे-पोट्टी इको-फ्रेंडली वस्तू कधी वापरतात आणि कधी नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात होस्टेलला राहून एमए केलं, प्रोजेक्टला हाच विषय घेतला, आणि तेव्हापासून ज्युनिअर लोकांचे मेसेज सुरूच आहेत. कुणाला प्रोजेक्ट करायचाय, कुणाला स्वतःसाठी विचारायचंय, दोन-तीन मॅडमनीसुद्धा विचारलं. तेच तेच प्रश्न येऊन राहिले म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. वरून खाली वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि वाचा.

१. पर्यावरणपूरक वस्तू म्हणजे नक्की कोणत्या? बांबूचा ब्रश सोडून काही आहे का?

आहे ना, भरपूर आहे. बनवताना, वापरताना आणि टाकून देताना त्याच कामाच्या दुसऱ्या वस्तूपेक्षा कमी नुकसान करते ती पर्यावरणपूरक वस्तू, एवढं साधं धरा. यातला "पेक्षा" हा शब्द महत्त्वाचा, कारण शंभर टक्के निर्दोष अशी वस्तू नसतेच. विद्यार्थ्यांच्या आयुष्यातल्या बघायच्या तर स्टीलची बाटली, शाई भरायचा पेन, एलईडी बल्ब, पाच स्टारचा पंखा, पाळीसाठी कापडी पॅड किंवा मेन्स्ट्रुअल कप, पळसाच्या पत्रावळी, मातीचा गणपती, सीनिअरची जुनी पुस्तकं, सगळं यात येतं.

आणि बांबूच्या ब्रशबद्दल म्हणाल तर त्याचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात, टाकताना ते उपटून दांडी तेवढी मातीत टाकायची. पावसाळ्यात तो प्लॅस्टिकच्या मगात उभा ठेवला की बुडाशी पाणी साचून दांडी काळी पडते, माझ्या रूममेटने तीन आठवड्यांत फेकला. आडवा, हवेशीर ठेवला तर टिकतो, पण हे पाकिटावर कुणी लिहीत नाही.

२. विद्यार्थी अशा वस्तू वापरतात की नाही हे कशावर ठरतं? थोडक्यात सांग ना.

यावर जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी मांडणी मानसशास्त्रज्ञ आइसेक एजेन यांची, १९९१ ची, नियोजित वर्तनाचा सिद्धांत म्हणतात तिला. त्यात तीन गोष्टी आहेत. मला स्वतःला ते करणं कसं वाटतं, माझ्या जवळच्या लोकांना ते कसं वाटेल असं मला वाटतं, आणि हे माझ्याच्याने जमेल असं मला वाटतं का. या तिन्हींतून इरादा तयार होतो आणि इराद्यातून वागणं. नंतरच्या लोकांनी त्यात किंमत, मिळण्याची सोय, पाकिटावरच्या दाव्यावरचा विश्वास, पर्यावरणाचं ज्ञान, सवय हे सगळं जोडलं.

होस्टेलमध्ये राहून मला जे दिसलं ते असं, की पहिली गोष्ट बहुतेक सगळ्यांकडे असते, अडतं ते तिसरीवर. जमण्यासारखं असेल तर पोट्टी करतात. प्रश्न ७ वाचा म्हणजे कळेल मी काय म्हणून राहिली.

३. सगळे म्हणतात पर्यावरणाची काळजी वाटते, मग वागताना काऊन दिसत नाही? खोटं बोलतात का?

नाही, खोटं नाही बोलत. बोलणं आणि वागणं यातलं अंतर फार जुनं आहे. १९३४ मध्ये रिचर्ड लापिएर यांनी अमेरिकेतल्या हॉटेलांबद्दल दाखवलं होतं, की चिनी जोडप्याला प्रत्यक्षात जवळपास सगळ्यांनी आत घेतलं आणि नंतर पत्राने विचारल्यावर बहुतेकांनी चिनी लोकांना घेणार नाही असं कळवलं. तिथे उलट दिशेने होतं, पण मुद्दा तोच.

पर्यावरणाच्या बाबतीत डीकमान आणि प्राइझेनडोर्फर या दोन समाजशास्त्रज्ञांचं म्हणणं मला सगळ्यात पटतं. ते म्हणतात काळजीचा परिणाम तिथेच दिसतो जिथे खर्च कमी असतो, आणि खर्च म्हणजे पैसाच नाही, वेळ आणि त्रासही. दिवा बंद करायला काही लागत नाही म्हणून काळजी असणारा बंद करतो. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला असताना बस धरायला अर्धा किलोमीटर चालत जायचं की मित्राच्या गाडीवर बसायचं, इथे काळजी असून नसून सगळे सारखेच वागतात. म्हणून कुणी गाडीवर बसला की लगेच त्याला ढोंगी म्हणू नका, मला ते ऐकवत नाही.

४. महाग असतात म्हणूनच घेत नाही ना? एवढाच तर मुद्दा आहे.

किंमत मोठा मुद्दा आहे, पण ती किती आहे यापेक्षा ती कधी द्यावी लागते आणि फायदा कुणाला होतो हे जास्त बघावं लागतं.

मेन्स्ट्रुअल कप घ्या. तीन-चारशे रुपयांत येतो आणि नीट वापरला तर दहा वर्षांपर्यंत चालतो, पॅडला महिन्याला सत्तर-ऐंशी रुपये धरले तर पाचेक महिन्यांत पैसे निघतात. हिशोब सगळ्यांना कळतो. पण घरून महिन्याचे मोजके पैसे येतात, मेसचे कापले, झेरॉक्सचे गेले, वीस तारखेनंतर चारशे रुपये एकदम काढायचे कुठून? सत्तर रुपये मात्र निघतात. गरिबाला महागाची वस्तू घ्यावी लागते ती अशी.

दुसरं उदाहरण पंख्याचं. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसेक वॅट. उन्हाळ्यात आपल्याकडे पंखा वीस तास तर चालतोच, म्हणजे रोज जवळपास ०.९ युनिट, महिन्याला २७ युनिट वाचतात. घरमालक युनिटला दहा रुपये लावत असेल तर २७० रुपये झाले. पण पंखा घरमालकाचा, बिल पोट्ट्यांचं, आणि पोट्टे दोन वर्षांत खोली सोडणार, मग नवीन पंखा घेणार कोण? होस्टेलला तर वीज फीमध्येच धरलेली असते, त्यामुळे किती वाचली हे कुणाला कळतच नाही. छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं झालं, पण खरेदी करणाऱ्याच्या खिशातून बिल जात नसेल तर तो स्टार कशाला मोजेल.

५. पर्यावरणाचा पेपर तर सगळ्यांना कम्पलसरी आहे, तरी फरक का पडत नाही?

सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितलं म्हणून हा विषय सगळ्या शाखांना आला. चांगलंच झालं. पण पेपरात ओझोनचा थर येतो, जैवविविधता येते, आणि आपला कचरा भांडेवाडीला जातो हे कित्येकांना डिग्री मिळेपर्यंत माहीत नसतं. जग कसं बिघडतंय ते कळतं, पण दुकानात उभं राहून दोन वस्तूंतली कोणती उचलायची ते कळत नाही. अभ्यासकसुद्धा हे दोन प्रकार वेगळे धरतात, आणि वापरावर परिणाम करतं ते दुसरं ज्ञान. माझ्या वर्गाला एका मॅडमनी भांडेवाडीच्या कचऱ्यावर असाइनमेंट दिली होती, तिथून आल्यावर पंधरा दिवस वर्गात वेगळंच बोलणं सुरू होतं. पुस्तकाने तसं कधी झालं नाही.

६. मित्र-मैत्रिणींचा खरंच एवढा परिणाम होतो का?

होतो, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त होतो. अमेरिकेत गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांनी हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरण्यावर प्रयोग केला, २००८ मध्ये छापून आला. पर्यावरण वाचवा अशी पाटी होती तिथे सुमारे ३५ टक्के लोकांनी टॉवेल पुन्हा वापरला, बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात असं लिहिलं तर ४४ टक्के. पुढच्या प्रयोगात "याच खोलीत राहून गेलेल्या बहुतेकांनी वापरला" असं लिहिलं तर ४९ टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे दूरच्या लोकांपेक्षा याच खोलीतले लोक काय करतात ते जास्त भारी पडतं.

आमच्या टपरीवर हेच पाहिलं. एका मुलीने स्वतःचा छोटा स्टीलचा ग्लास आणायला सुरुवात केली, बॅगच्या बाजूच्या खिशात ठेवायची, चहा झाला की तिथल्याच पाण्याने विसळायची. आठवडाभर सगळे तिच्याकडे बघायचे. मग तिच्या रूममेटने आणला, मग टपरीवाल्या भाऊंनीच "पोरींनो, तुमच्यासाठी काचेचे ठेवतो ना" म्हणून काचेचे ग्लास काढले. कुणी भाषण दिलं नव्हतं. पण उलटंही होते हं, सगळे कागदी कपात पिऊन राहिले असतील तर एकट्याने ग्लास काढायला फार हिंमत लागते.

७. होस्टेलमध्ये कापडी पॅड किंवा कप वापरता येतो का? मनात आहे पण जमेल असं वाटत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि नेहमी खाजगीत येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

कापडी पॅडला तीन गोष्टी लागतात, पाणी, ऊन आणि आडोसा. गार पाण्यात भिजवायचं, साबणाने धुवायचं आणि कडक उन्हात पूर्ण वाळवायचं, ओलसर राहिलं तर इन्फेक्शनची भीती. आता होस्टेल डोळ्यांसमोर आणा. चौदा जणींत दोन नळ, बादली कुणाची कुठे आहे पत्ता नाही, आणि दोरी कॉरिडॉरमध्ये, जिथून मेसचे काका, इलेक्ट्रिशियन, सगळे जातात. मग पोरी काय करतात, पॅडवर ओढणी टाकतात. ओढणीखाली ऊन लागत नाही. जुलैत चार-चार दिवस झड लागली की मग संपलंच. अशा मुलीला तुम्ही सर्व्हेच्या फॉर्ममध्ये विचारलं "तुम्हाला पर्यावरणाची काळजी आहे का" तर ती पाचपैकी पाच देईल, आणि "वापरता का" ला नाही लिहील, आणि तुम्ही निष्कर्ष काढाल की जागृती कमी आहे.

आमच्या होस्टेलला गच्चीला कुलूप असायचं. आम्ही तिघींनी लिहून अर्ज दिला, दोनदा दिला, कारण पहिल्याला उत्तरच आलं नाही. शेवटी सकाळी दहा ते बारा किल्ली मिळायला लागली, पुरुषांनी वर यायचं नाही या अटीवर. त्यानंतर ज्या पोरींनी पॅड घेऊन पेटीत ठेवून दिले होते त्यांनी बाहेर काढले. त्यांच्या मनात काही नवीन शिरलं नव्हतं, दोरी मिळाली होती.

कपचं वेगळं. वाळवायचा प्रश्न नाही, पण दर महिन्याला पाच मिनिटं उकळावा लागतो आणि होस्टेलला केटल, इंडक्शन दोन्हीला बंदी. मेसच्या मावशींना गरम पाणी मागायला लाज वाटते. यावर उपाय म्हणजे एक वेगळी छोटी स्टीलची डबी ठेवा, मेसमधून उकळतं पाणी मागून आणा, कप त्यात घालून पाच मिनिटं झाकून ठेवा. उकळण्याइतकं पक्कं नाही, म्हणून सुट्टीत घरी गेलात की नीट उकळून घ्या. सुरक्षित आहे का हे विचारतात. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला, त्यात कप सुरक्षित दिसला आणि वापरून पाहिलेल्या सत्तरेक टक्के बायकांना पुढेही वापरायचा होता. सवय व्हायला मात्र काही महिने लागतात, आणि आधी वापरलेली मैत्रीण सोबत असली की सोपं जाते. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

८. नागपुरात या वस्तू मिळतात कुठे? ऑनलाइनच मागवायच्या का?

ऑनलाइनला जायची फार गरज नाही. आपण चुकीच्या दुकानात शोधतो. पॉश दुकानात बांबूचं आणि खादीचं महाग दिसतं आणि आपण म्हणतो परवडत नाही. इतवारीत पळसाच्या पत्रावळी-द्रोण मिळतात, माठ उन्हाळ्यात रस्त्यारस्त्यावर असतात, कापूस तर विदर्भाचाच आणि खादीसाठी वर्धा-सेवाग्राम जवळच. फक्त यांच्यावर कुणी हिरवा शिक्का मारलेला नसतो. होस्टेलपासून मात्र या जागा लांब पडतात आणि गेटजवळच्या दुकानात पाऊच आणि पॅकेटच असतात, त्यामुळे अंतराचा परिणाम होतोच. महिन्यातून एकदा चार जणांनी मिळून जा.

९. पाकिटावर "इको-फ्रेंडली" लिहिलंय, विश्वास ठेवू का?

नुसत्या शब्दावर नका ठेवू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधात, म्हणजे वस्तू पर्यावरणपूरक असल्याचा खोटा देखावा करण्याविरोधात, मार्गदर्शक तत्त्वं काढली. हिरवं, इको-फ्रेंडली असे मोघम शब्द वापरले तर पुरावा द्यावा लागतो. त्यामुळे पाकिटावर नेमकं काय म्हटलंय ते शोधा, किती टक्के, कशाचं, कुणी तपासलं. सरकारी शिक्का म्हणजे इकोमार्क, मडक्याचं चिन्ह, १९९१ पासून आहे आणि २०२४ मध्ये त्याचे नियम नव्याने आले, पण बाजारात तो क्वचितच दिसतो.

दोन फसगती सगळ्यांच्या होतात. सीताबर्डीत खरेदी केल्यावर कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी मिळते ना, ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. दुसरं, "कम्पोस्टेबल" पिशवी. ती कारखान्यातल्या कम्पोस्ट प्लँटमध्ये साठेक डिग्रीच्या उष्णतेत कुजते, होस्टेलमागच्या खड्ड्यात किंवा नाग नदीत टाकली तर तशीच पडून राहते. अशा दोन-तीन फसगती झाल्या की पोट्टे सगळ्याच दाव्यांवरचा विश्वास सोडतात आणि मग खरी चांगली वस्तूही घेत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

१०. कागदी कप तर चालतो ना? प्लॅस्टिक नाही ते.

आतून पातळ प्लॅस्टिकचा थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही. खरगपूर आयआयटीच्या २०२० च्या अभ्यासात कागदी कपात गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर १०० मिलीत सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण उतरले. काचेचा ग्लास मागा. टपरीवर कसं जमवायचं ते प्रश्न ६ मध्ये आहे.

११. कापडी पिशवी घेतली की झालं ना? माझ्याकडे आता नऊ झाल्यात.

नऊ झाल्या तिथेच गडबड झाली. कापूस पिकवायला, विणायला भरपूर पाणी आणि ऊर्जा लागते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अहवालात हिशोब होता, की पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी व्हायला सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते. सेमिनारला मिळते, फेस्टला मिळते, फ्रेशर्सला मिळते. पुढच्या वेळी घेऊ नका, आणि आहेत त्यातल्या चार मेसच्या मावशींना द्या, त्या भाजीला रोज नेतील.

१२. ग्रीन फटाके नागपुरातूनच आले म्हणतात, मग ते फोडले तर चालतात का?

हो, आपल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचं काम आहे ते, वर्धा रोडवरच्या. त्यांच्यातून प्रदूषण साधारण ३० टक्क्यांनी कमी होते. म्हणजे ७० टक्के होतेच. प्रश्न १ मधला "पेक्षा" इथे लावा. नेहमीच्या फटाक्यापेक्षा बरा, न फोडण्यापेक्षा नाही. एखादी माळ फोडणारा पोट्टा ग्रीन आहे म्हणून तीन फोडत असेल तर हिशोब उलटा जातो.

१३. काही जण फक्त दाखवायला वापरतात, त्याचं काय?

वापरू द्या. २०१० चा एक अभ्यास आहे, प्रतिष्ठेचा विचार मनात असताना लोक हिरवी वस्तू जास्त निवडतात, विशेषतः चार लोकांसमोर आणि ती महाग असताना. स्टीलची भारी बाटली वर्गात मिरवणारा तीच बाटली रोज भरत असेल तर प्लॅस्टिकच्या बाटल्या तेवढ्याच वाचतात. दर सेमिस्टरला नवीन रंगाची घेत असेल तर मात्र प्रश्न ११ त्यालाही लागू.

१४. मुली जास्त वापरतात असं प्रोजेक्टमध्ये लिहू का?

बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत मुलींची काळजी आणि वापर जास्त दिसतो, फरक मोठा नसतो. तुमच्या आकड्यांत दिसलं तरच लिहा.

१५. प्रोजेक्टला किती जणांचा सर्व्हे लागतो? प्रश्न कसे विचारू?

कोक्रनच्या सूत्राने ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली तर ३८५ येतात, म्हणून सगळे ३८५ च्या मागे धावतात. पण हे सूत्र यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांसाठी आहे. फॉर्मची लिंक स्वतःच्याच ग्रुपवर फिरवून हजार जण भरले तरी ते विद्यापीठाचं चित्र होत नाही, तुमच्या ओळखीच्यांचं होते. कमी घ्या पण वेगवेगळ्या शाखांतून, होस्टेल आणि घरून येणारे, गावचे आणि शहरातले असे घ्या.

प्रश्नावली मराठीत करा, इंग्रजी वाक्य न समजून पोट्टे मधल्या पर्यायावर टिक करतात. क्रोनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७० च्या वर आहे का बघा. आणि "तुम्ही पर्यावरणपूरक वस्तू वापरता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, कारण चांगलं दिसावं असं प्रत्येकाला वाटते. "गेल्या सात दिवसांत बाहेरच्या किती कपात चहा घेतला" असं विचारा. जमलं तर डस्टबिनही बघा. आम्ही एका मजल्याचा कचरा आठवडाभर मोजला, हातमोजे घालून, आणि फॉर्ममध्ये लिहिलेल्यापेक्षा कप बरेच जास्त निघाले.

१६. मी नवीन ग्रीन काहीच घेत नाही, सगळं जुनंच वापरतो. मग माझा फॉर्म "वापरत नाही" मध्ये जातो का?

बहुतेक प्रश्नावल्यांत जातो, आणि तिथेच माझा या सगळ्या अभ्यासांशी वाद आहे. त्या खरेदी मोजतात. शिक्का असलेली वस्तू घेतली का, जास्त पैसे द्यायला तयार आहात का. गोंदिया-गडचिरोलीहून आलेला पोट्टा आजोबांची पेटी, मोठ्या भावाचं जॅकेट आणि सीनिअरची पुस्तकं वापरून तीन वर्षं काढतो आणि तुमच्या तक्त्यात तो शून्यावर असतो.

म्हणून मी शेवटी एक प्रश्न वाढवला होता: तुमच्या खोलीतल्या कोणत्या वस्तू तुमच्याआधी दुसऱ्या कुणी वापरल्यात? या प्रश्नाला दिलेली जागा पुरली नाही, पोरींनी पानाच्या मागेही लिहिलं. बादली, गादी, टेबल लॅम्प, ड्रॉइंग बोर्ड, सायकल, पातेलं. आणि जवळपास प्रत्येक खोलीत कूलर. आमच्या खोलीतल्या लोखंडी कूलरवर आतून खडूने चार बॅचची वर्षं लिहिलेली होती, मोटर दोनदा भरून घेतली होती, दर एप्रिलला ताट्या तेवढ्या नवीन लागायच्या. मी निघताना पाचवं वर्ष लिहिलं आणि बाजूच्या खोलीतल्या फर्स्ट इयरच्या पोरीला देऊन आली.